उशीवालीचा कवडसा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा धुक्यालाही कुठे जायची घाई नसे. ते संध्याकाळी सरोवरावर उतरे, आणि सकाळी चांगलं ऊन अंगावर आलं की मगच आळस देत उठे.

त्या सरोवराच्या काठाने एक राज्य पसरलेलं होतं. राज्यात रस्ते असे नव्हतेच. कुणाला मडकं हवं असो की औषध, नावेत बसायचं आणि पाण्यावरून जायचं. हिवाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. दिवसाची कामं आटोपून माणसं निघत, तोवर धुकं उतरलेलं असे आणि काठ कुठे, घाट कुठे, काही समजत नसे.

म्हणून त्या लोकांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक घराला आपापला घाट होता. घाटावर मोठा दिवा ठेवायचा आणि त्याच्यापुढे नक्षी कापलेला तांब्याचा पत्रा उभा करायचा. दिवा लागला की नक्षीतून उजेड बाहेर पडे आणि समोरच्या धुक्यावर चित्र उमटे. त्या चित्राला ते कवडसा म्हणत. कुंभाराच्या घाटापुढे उजेडाचं मडकं तरंगे. वैद्याच्या घाटापुढे खल आणि बत्ता. नावाडी ते बघत आणि हवी तिकडे नाव वळवत.

आणखी एक रीत होती. घाटावर आलेलं माणूस समाधानाने परत निघालं, की जाताना ते आपल्या वस्त्राची एक चिंधी नाव बांधायच्या खुंटाला बांधून जाई. हिवाळा सरून धुकं त्या वर्षापुरतं उठलं, की त्या दिवशी राजाचा कारभारी सगळे घाट बघत फिरे. ज्या खुंटावर एकही चिंधी नसेल, तो घाट सूर्य मावळताना दुसऱ्याला दिला जाई. वाईट वाटण्यासारखी रीत होती, पण होती खरी. राज्यात माणसं पुष्कळ आणि घाट थोडे.

अशाच एका घाटावर भिवरा नावाची बाई राहत होती. ती उशा शिवायची.

आता तुम्ही म्हणाल, उशी ती काय, खोळीत कापूस कोंबला की झाली. भिवरेची उशी तशी नव्हती. ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, अशी माणसं तिच्याकडे यायची. ती त्यांना ओसरीवर बसवायची, त्यांचं डोकं आपल्या तळहातावर घ्यायची आणि विचारायची, "कोणत्या कुशीवर वळता? मान कुठे अवघडते? झोप लागत नाही, की लागते आणि मोडते?" मग ती सावरीचा कापूस चिमटीचिमटीने भरायची. पहिली झोप तिच्याच ओसरीवर घ्यायची आणि जाग आल्यावर उशी घेऊन घरी जायचं, असा तिचा नियम होता. तिची आईही असंच करायची.

तिच्या घाटावर कवडसा मात्र कधी नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती. एक म्हातारा तांडेल होता, तो आपल्या नावेत जांभया देणारं माणूस दिसलं की न विचारता त्याला भिवरेकडे आणून सोडायचा. पण त्या वर्षी तांडेलाचे गुडघे गेले आणि त्याने वल्हं खाली ठेवलं. नवे नावाडी कवडशांवर चालत. कवडसा नाही, तिथे घाटच नाही, असा त्यांचा हिशेब.

हिवाळा सुरू झाला आणि भिवरेचा खुंट उघडाच राहिला. त्यावर एक राखी बगळा येऊन उभा राहू लागला.

"जागा छान आहे," बगळा म्हणाला. "दोरांची कटकट नाही, चिंध्यांची फडफड नाही."

"बगळोबा, तुमची चैन होते, पण माझा घाट जाईल ना," भिवरा म्हणाली. "इथे आईने मला थोपटून झोपवलंय. मी कुठे जाऊ?"

"मग कवडसा लाव, बाई. सगळे लावतात."

भिवरेने शेजारीपाजारी विचारलं. अर्धे म्हणाले, स्वतःच कापावा. पत्रा तो पत्रा, त्यात काय मोठंसं! उरलेले म्हणाले, छे, सरोवराच्या टोकाला सोनबा कारागीर राहतो, त्यालाच बोलवावं. ज्यांनी स्वतः कापला होता ते सोनबाला नावं ठेवत, आणि ज्यांनी सोनबाकडून करून घेतला होता ते शेजाऱ्याच्या वाकड्या मडक्याला हसत. दोन्हीकडून सल्ला ऐकून भिवरेचं डोकं भणभणलं.

शेवटी तिने ठरवलं, आपलं काम आपण करू. तिने पत्रा आणला, टोचा आणला, छिन्नी आणली आणि बसली. हातातल्या उशा बाजूला पडल्या. बोटांना पत्र्याच्या धारा लागल्या. पण काम करताना तिला हुरूप चढत गेला. उशी कापली, तर सावरीचं झाड का नको? झाड आलं, तर सुई का नको? मग मांडी आली, मांडीवरचं मूल आलं, मुलाला थोपटणारी आई आली. एवढंसं तांबं आणि त्यात तिचं अख्खं आयुष्य. एकही गोष्ट गाळायला तिचं मन होईना.

एका संध्याकाळी तिने दिवा लावला. घाटावर उभं राहून पाहिलं आणि तिला भरून आलं. झाड तिथे होतं, आई तिथे होती.

बगळा सरोवरावर एक चक्कर मारून आला. "म्हैस चांगली आलीये," तो म्हणाला.

"कुठली म्हैस?"

"बसलेली. शिंगंही ठळक आहेत."

भिवरा रागावली. ह्याला मेल्याला कशात चांगलं म्हणून दिसतच नाही, असं पुटपुटून तिने तोंड फिरवलं. तेवढ्यात धुक्यातून एक नाव आली. नावेतून एक गृहस्थ उतरले, इकडेतिकडे पाहू लागले आणि म्हणाले, "दूध किती देते हो?"

पुढचे काही दिवस तिच्या घाटावर दुधाची भांडी घेऊन बरीच माणसं आली. एकजण तर पेंड विकायला आला. झोप हवी असलेलं कुणीही आलं नाही, आणि म्हैस नाही म्हटल्यावर चिंधी तरी कोण बांधणार?

भिवरेने हात टेकले आणि सोनबाला निरोप धाडला.

सोनबा आला तो पेट्याच पेट्या घेऊन. उंच माणूस, वाकलेली मान, लालसर डोळे. त्याचा हात खरंच जादूचा होता, त्यात काही खोटं नाही. पत्रे गुंडाळायला त्याला मऊ काहीतरी लागे, म्हणून मोबदल्यात त्याने तिचा सावरीचा सगळा कापूस मागितला. मन होत नव्हतं तरी भिवरेने हो म्हटलं.

"काय दाखवायचं?" सोनबाने विचारलं.

त्या वेळी भिवरा इतकी दमली होती, की ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही जाणते. तुम्हीच ठरवा, दादा. मी आपली उशा शिवते."

सोनबानेही पुढे काही विचारलं नाही. झोप म्हटल्यावर राणी, राणी म्हटल्यावर पलंग, इतकं त्याला पुरेसं होतं. तो ओसरीवर चढलासुद्धा नाही. घाटावरच बसून त्याने पत्रा कापला, दिव्यापुढे पक्का बसवला आणि "याला हात लावू नका" असं बजावून कापसाची गाठोडी नावेत घालून निघून गेला.

दिवा लागला आणि सरोवर थबकलं. धुक्यात एक चांदीचा पलंग तरंगत होता. पलंगाला झिरझिरीत पडदे, पडद्याआड निजलेली राणी, उशाशी चंद्र आणि पायथ्याशी पोहणारे हंस. वाऱ्याने धुकं हललं की हंस खरोखर पुढे सरकत. नावाडी वल्हं उचलून बघत राहत. मुलं हट्ट करून आईबापांना तिथे आणत. बगळासुद्धा दोन दिवस खोड काढायची विसरला.

पण उतरून वर येणारे थोडेच. एका सरदाराचे नोकर पलंग घ्यायला आले आणि पलंग नाही म्हणताच तोंड वाकडं करून गेले. काही मुली हंस बघायला आल्या. खुंट उघडाच.

मग एका संध्याकाळी बगळा उतरला तो नेहमीसारखा ऐटीत नव्हता.

"सांगू की नको?" तो म्हणाला. "पलीकडून मीठ वाहणारी एक बाई आज नावेत होती. डोक्यावर पाट्या वाहून मान अशी धरलेली, की तिला वळून बघता येत नाही. ती तुझा कवडसा बघत होती. नावाड्याने विचारलं, उतरायचं का? तर म्हणाली, नको बाबा, हे आपल्यासारख्यांचं नव्हे."

घाट जाईल याचं दुःख भिवरेला होतंच. पण ज्या मानेखाली तिचा हात असायला हवा होता, ती मान तिच्या दारावरून परत गेली, हे तिला सहन होईना. ती रडली. मग तिला राग आला. सोनबाचा आला, स्वतःचा आला, त्या हंसांचा तर फारच आला.

"मी जाते त्याच्याकडे," ती म्हणाली आणि घरची छोटी होडी सोडली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धुकं उतरल्यावर घाटवाले कधीच पाण्यावर जात नसत. धुक्यात आपला घाट सोडला, तर परतताना तो आपल्याला ओळखू येत नाही, अशी त्यांची जुनी भीती होती. त्यामुळे गंमत अशी झाली होती, की पिढ्यान् पिढ्या प्रत्येकजण आपला कवडसा दिव्याच्या मागून, काठावर उभं राहूनच बघत आला होता. पाण्यावरून तो कसा दिसतो, हे नावाड्यांना ठाऊक, बगळ्यांना ठाऊक. घाटवाल्यांना नाही.

भिवरा रागाच्या भरात बरीच पुढे गेली. मग सवयीने तिने मागे वळून पाहिलं.

सगळीकडे मऊ, राखाडी शांतता होती. दूरवर मडकं तरंगत होतं, खलबत्ता तरंगत होता, आणि एका ठिकाणी पलंग, चंद्र आणि हंस. किती सुंदर, तिच्या मनात आलं. कुणाचा बरं घाट हा? कुणी बडी मंडळी राहत असतील. आपल्याला आत घेतील का?

आणि मग तिच्या लक्षात आलं. तो तिचाच घाट होता.

ती तशीच होडीत बसून राहिली. आपलं घर आपल्यालाच परकं वाटावं, याहून वाईट काय असतं? पण त्याच वेळी तिला पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ दिसलं. आपल्याच दाराशी आपण परक्यासारखं उभं राहिलो, तेव्हा आपल्याला काय दिसायला हवं होतं, हे तिला कळलं. तिने वल्हं घट्ट धरलं आणि सोनबाच्या घाटाकडे नाव हाकली.

सोनबा दिव्याशी वाकून पत्रा ठोकत होता. भिवरा भांडायचे शब्द जुळवत पायऱ्या चढली. "तुमच्या त्या हंसांनी..." तिने सुरुवात केली. सोनबाने मान वर केली आणि कळ आल्याने डोळे मिटून घेतले. झालं, भांडण तिथेच राहिलं. बाईचा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला.

"कोणत्या कुशीवर वळता?" तिने विचारलं.

"कुठल्याच नाही," सोनबा म्हणाला. "सगळं गाव दिवे लावतं तेव्हा माझं काम सुरू होतं. पाठ टेकली की डोळ्यांपुढे पत्रेच. नीट झोपलो त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत? माझ्या घाटावर इतके दिवस होतात."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी आत आलोच नाही."

तिचाच कापूस तिथे पत्र्यांभोवती गुंडाळलेला होता. तिने तो सोडला, पिंजला, चिमटीचिमटीने भरला. सोनबाने डोकं टेकवलं तेव्हा बाहेर वल्ह्यांचा आवाज येत होता. तो थांबायच्या आत त्याला झोप लागली. झोपेत तो एका पांढऱ्या, उबदार नदीवरून तरंगत चालला होता, आणि कुणीतरी त्याचं डोकं बुडू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तो उठला.

"बाई, मी चुकलो," तो म्हणाला. "मी झोपेचं चित्र काढलं, पण ते ऐकीव झोपेचं."

"तुम्ही एकटे नाही चुकलात," भिवरा म्हणाली. "मी काम तुमच्या गळ्यात घातलं आणि वाटलं, सुटले. माझ्याकडे काय आहे ते मीच नाही सांगितलं, तर तुम्ही कुठून कापणार?"

मग दोघं बसले. ती सांगायची, तो कापायचा. संध्याकाळ झाली की तो दिवा लावायचा आणि दोघं होडीतून पाण्यावर जाऊन बघायचे. "हे नको," ती म्हणे. कधी तो म्हणे, "हे तुम्हाला प्रिय आहे, पण इथून डागासारखं दिसतं." झाड गेलं. सुई गेली. आई गेली तेव्हा भिवरेला हुंदका आला, पण तिनेच ती काढायला सांगितली. शेवटी पत्र्यावर फक्त एक उघडा तळहात उरला आणि त्यावर विसावलेलं एक डोकं. ते राणीचंही असू शकलं असतं आणि मीठ वाहणाऱ्या बाईचंही.

निघताना सोनबाने तिचा कापूस होडीत परत भरला. धुकं विरळ झालं तर पत्रा किती मागे घ्यायचा, वात कशी कापायची, हेही त्याने तिच्याकडून करवून घेतलं. "पत्रा मी कापला," तो म्हणाला, "पण रोज दिव्याशी तुम्ही असणार. हात लावू नका म्हणालो होतो, ते विसरा."

भिवरा घरी पोचली तेव्हा हिवाळा संपत आला होता. धुकं जुन्या मलमलीसारखं विरलेलं. तिने पत्रा जरा मागे घेतला, वात कापली आणि दिवा लावला.

सरोवरावर एक हात उमटला. ना चंद्र, ना हंस.

सगळ्यात आधी मीठ वाहणारी बाई आली. तिने काहीच विचारलं नाही. ओसरीवर येऊन ती बसली आणि भिवरेने तिचं डोकं हातात घेताच रडायला लागली. तिच्यामागून एक पहारेकरी आला, मग तान्हं मूल घेऊन एक थकलेली पोर, मग भांडून घराबाहेर पडलेला एक म्हातारा. भिवरा विचारत गेली, भरत गेली. हळूहळू ओसरी श्वासांनी भरून गेली.

सकाळी ऊन पडलं आणि पाहते तर सरोवर काठापासून काठापर्यंत लख्ख. धुकं त्या वर्षापुरतं उठलं होतं.

कारभारी आला. त्याने खुंटाकडे पाहिलं. बगळा अपराध्यासारखा उडून गेला. खुंट उघडा होता, कारण अजून कुणी परत गेलंच नव्हतं. सगळे झोपलेले होते.

"बाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे," कारभारी हळू आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "ही इतकी माणसं आहेत. एकाला उठवा, एक चिंधी बांधायला सांगा. माझं काम झालं, तुमचा घाट राहिला."

भिवरेने ओसरीकडे पाहिलं. मीठ वाहणाऱ्या बाईची मान सैल पडली होती आणि ओठ किंचित उघडे होते. एक हाक पुरली असती. भिवरेच्या तोंडाशी ती हाक आलीसुद्धा. मग तिने ती गिळली.

"नाही," ती म्हणाली. "कवडशात मी हात दाखवलाय, साहेब. तो आता काढून कसा घेऊ? तुम्ही घाट घ्या. फक्त ही माणसं उठेपर्यंत थांबा."

कारभारी गोंधळला. असं उत्तर त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. "सूर्य मावळेपर्यंत मुदत आहे," तो म्हणाला. "बसतो मी." पहाटेपासून फिरून त्याचे पाय दुखत होते. तो ओसरीच्या खांबाला टेकला. बाजूला संथ श्वास चालू होते, ऊन कोवळं होतं. थोड्याच वेळात त्याची मान कलली. भिवरेने उरलेला कापूस भरून एक उशी हळूच त्याच्या मानेखाली सरकवली. घाट तर जाणारच होता. म्हणून काय माणसाची मान अवघडू द्यायची?

सूर्य कलला तसे एकेक करून सगळे जागे झाले. पहारेकऱ्याने आपलं मुंडासं फाडलं, पोरीने मुलाच्या दुपट्याची कड फाडली, म्हाताऱ्याने धोतराचं टोक फाडलं आणि त्याच पावली तो घरी निघाला. मीठ वाहणारी बाई सगळ्यात शेवटी उठली. तिने मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली आणि मग पदराची एवढी लांब चिंधी बांधली, की ती पाण्याला टेकली.

कारभाऱ्याला जाग आली तेव्हा सूर्य डोंगराआड निम्मा गेला होता. तो शरमून उठला, खुंटाकडे गेला, चिंध्यांवरून हात फिरवला. मग कुणी बघत नाहीसं पाहून त्याने आपल्या जरीच्या उपरण्याची एक पट्टी फाडली आणि तीही बांधली.

त्या वर्षापासून त्या सरोवरावर दोन गोष्टी बदलल्या. सोनबा कुणाच्याही ओसरीवर बसल्याशिवाय छिन्नीला हात लावीनासा झाला. आणि घाटवाले कवडसा लावण्याआधी होडीत बसून पाण्यावर जाऊ लागले. धुक्यात आपला घाट ओळखू येणार नाही ही भीती मग कुणाला राहिली नाही.

बोध: आपल्या दाराची हाक कुशल हाताकडून घडवून घ्यावी, पण ती काय आहे ते आपणच सांगावं, आणि येणाऱ्याच्या नावेत बसून ती एकदा ऐकून पाहावी.